नसबंदी आणि ‘कमजोरी’ : एका भीतीची पार्श्वभूमी

पुरुष नसबंदीचा विषय निघाला की आरोग्यसेविकेला आजही जो प्रश्न हमखास विचारला जातो तो मूल होण्या-न होण्याचा नसतो. ऑपरेशननंतर अंगातली ताकद जाईल का, शेतातले जड काम जमेल का आणि बायकोजवळ पूर्वीसारखे राहता येईल का, हे त्या माणसाला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपासून उपलब्ध आहे. तरीही भीती टिकून आहे, कारण ती शरीररचनेतून आलेली नसून या शस्त्रक्रियेचा ज्या कारणांसाठी आणि ज्या पद्धतीने वापर झाला त्यातून आलेली आहे.

लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२३ साली एका कुत्र्यावर प्रयोग केला. त्याच्या एका बाजूच्या वृषणाच्या रक्तवाहिन्या त्यांनी बांधून टाकल्या आणि दुसऱ्या बाजूची फक्त शुक्रवाहिनी, म्हणजे वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी नळी, कापली; पुरुष नसबंदीत हीच नळी बंद करतात. रक्तपुरवठा तुटलेले वृषण सडून गेले. शुक्रवाहिनी कापलेल्या बाजूचे मात्र शाबूत राहिले. कुत्रा पुढे सहा वर्षे पाळला गेला, त्या काळात तो समागम करताना दिसला, पण त्याच्यापासून मादीला पिल्ले झाली नाहीत. कामेच्छा आणि प्रजननक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या मार्गांनी चालतात, एवढे त्या एका कुत्र्याने दाखवून दिले होते. वृषणातील पेशी पुरुषत्वाचे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, थेट रक्तात सोडतात. शुक्रवाहिनीतून जातात ते केवळ शुक्राणू. वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो आणि त्यात शुक्राणूंचा वाटा शेकडा पाचाच्या वर क्वचितच असतो, त्यामुळे नसबंदीनंतर वीर्याच्या प्रमाणात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही.

माणसावर ही शस्त्रक्रिया सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही संततिनियमनासाठी नव्हे. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आक्रसेल या आशेने ती केली जाई. तो उपयोग लवकरच निकालात निघाला, पण तंत्र हाती राहिले आणि ते भलत्याच ठिकाणी पोहोचले. अमेरिकेतील इंडियाना राज्यात हॅरी शार्प या तुरुंगाच्या डॉक्टरांनी १८९९ पासून कैद्यांची नसबंदी सुरू केली आणि १९०७ मध्ये त्या राज्याने ‘अयोग्य’ ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. शस्त्रक्रिया आणि सक्ती यांची गाठ आपल्याकडे पडण्याच्या कितीतरी आधी तिकडे पडली होती.

यानंतरचा अध्याय आज वाचताना थट्टेचा वाटतो, पण त्या काळी तो गंभीरपणे घेतला गेला. व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख यांचा असा सिद्धान्त होता की शुक्रवाहिनी बांधली की शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी मागे पडतात, संप्रेरक तयार करणाऱ्या पेशींना वाव मिळतो आणि म्हातारपण मागे हटते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात युरोपातील धनिक आणि विद्वान तारुण्य परत मिळवण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेऊ लागले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये ती करून घेतली आणि कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये. येट्स यांना तिचा गुण आल्याचे ठामपणे वाटत होते. पुढे टेस्टोस्टेरॉन वेगळे काढता आले आणि हे वेड ओसरले. व्हिएन्नात ज्या शस्त्रक्रियेने पौरुष वाढते म्हणून लोकांनी पैसे मोजले, तिनेच ते नष्ट होते या भीतीने आपल्याकडचे लोक पुढे गावे सोडून पळाले. शरीरात घडणारी गोष्ट दोन्हीकडे एकच होती आणि तिचा पौरुषाशी संबंध दोन्हीकडे नव्हता.

महाराष्ट्रात संततिनियमनाची चर्चा र. धों. कर्वे यांनी उघड्यावर आणली. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. लैंगिक सुख आणि अपत्यप्राप्ती या वेगळ्या बाबी आहेत ही त्यांची भूमिका होती, आणि तिच्यासाठी त्यांनी खटले व दारिद्र्य दोन्ही सोसले. सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा या भूमिकेतील सुखाचा भाग गळाला आणि लोकसंख्येचा आकडा तेवढा उरला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मद्रास राज्याने नसबंदी करून घेणाऱ्याला रोख रक्कम देण्याची प्रथा पाडली. साठच्या दशकात मुंबई महापालिकेच्या कुटुंब नियोजन विभागाचे प्रमुख डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रे उघडली, म्हणजे लोकलसाठी आलेल्या माणसाला ऑपरेशन उरकून पुढची गाडी पकडता यावी. कल्पना हुशारीची होती, यात वाद नाही. पण गर्दीच्या फलाटावरून घरी गेलेल्या माणसाने त्या रात्री काय करावे, कशाला घाबरू नये आणि कोणाला विचारावे, याची व्यवस्था अशा रचनेत अवघडच होती. केरळमधील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ च्या महिनाभराच्या शिबिरात तर सुमारे ६३ हजार शस्त्रक्रिया झाल्या.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातील ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसे, आणण्याचे उद्दिष्ट ठरवून दिले गेले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे आली. पुढच्याच वर्षी पुरुष नसबंदीचा आकडा दोन लाखांच्याही खाली घसरला आणि कार्यक्रमाचा सगळा भार स्त्रियांवर सरकला तो आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण केवळ ०.३ टक्के होते.

‘कमजोरी’ची समजूत पक्की होण्यास शिबिरांच्या आणि आणीबाणीच्या काळातील देखभालीचा अभाव मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. शस्त्रक्रिया लहान असली तरी नंतरचे काही दिवस जपावे लागते. पहिले दोन दिवस विश्रांती, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी, सूज उतरण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ आणि सुमारे आठवडाभर जड ओझे न उचलणे, एवढे पाळले तर बहुतेकांना फार त्रास होत नाही. दुखणे कमी झाल्यावर, साधारण आठवड्याभरात, शरीरसंबंध पुन्हा सुरू करता येतो. सुरुवातीला वीर्यात थोडे रक्त दिसले तरी ते बहुधा आपोआप थांबते. शिबिरातून उठून दुसऱ्या दिवशी रोजंदारीवर गेलेल्या मजुराला यातले काहीच परवडत नव्हते. त्याच्या अंडकोषात रक्त साकळले, जखम चिघळली, आठवडाभर वाकता आले नाही, की गावाच्या लेखी नसबंदीने माणूस कायमचा निकामी झाला.

दुसरे नुकसान तीन महिन्यांच्या अटीमुळे झाले. शुक्रवाहिनी कापली तरी पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरून नंतर वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. हे नीट न समजलेल्या घरात मधल्या काळात गर्भ राहिला, तर दोष ऑपरेशनला लागला नाही. बाईच्या चारित्र्यावर संशय घेतला गेला.

चीनच्या सिचुआन प्रांतात ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये बिनटाक्याची पद्धत शोधली. तीत सुरीने छेद घेण्याऐवजी टोकदार चिमट्याने त्वचेला बारीक छिद्र पाडतात आणि शुक्रवाहिनी त्यातून बाहेर ओढून घेतात. त्यामुळे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही पुष्कळ घटले. नव्वदच्या दशकात ही पद्धत भारतात आली. मात्र तोवर पुरुष या कार्यक्रमापासून दूर गेला होता. १९७८ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून हृदयविकाराची आणि १९९३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पुढे आली. हृदयविकाराची शंका माणसांवरील अभ्यासांत टिकली नाही आणि कर्करोगाशी दिसलेला संबंध, असलाच तर, फार क्षीण आहे. दीर्घकाळ टिकणारे वृषणदुखीचे दुखणे मात्र खरे आहे. शंभरांतील एखाद-दोघांना ते उपचार घेण्याइतके सतावते. सल्ला देणाऱ्याने तेही शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवे, आणि सरकारी समुपदेशनात नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.