वीअरसाइड जॅक आणि पोलिसांना चकवणारे तोतये

सिरियल किलरचा तपास चालू असताना "तो मीच" असं सांगत पत्रं पाठवणारे, फोन करणारे, कॅसेट धाडणारे किंवा सरळ पोलीस ठाण्यात जाऊन न केलेले खून अंगावर घेणारे लोक म्हणजे हे तोतये. खुनाशी यांचा काडीचा संबंध नसतो. कुणाला प्रसिद्धी हवी असते, कुणाचा पोलिसांवर जुना राग असतो, कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं आणि काहींचा तर निव्वळ टाइमपास चाललेला असतो. बहुतेकांची पत्रं चार दिवसांत फायलीत जाऊन पडतात, पण एखाद्याची थाप पचते, आणि पचली की काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला वीअरसाइड जॅक.

प्रकार तसा जुनाच आहे. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात खून होत होते तेव्हा पोलिसांकडे आणि पेपरवाल्यांकडे शेकड्याने पत्रं आली. "जॅक द रिपर" हे नाव त्यातल्याच एका पत्राखाली सहीसारखं लिहिलेलं होतं आणि ते पत्र एखाद्या पत्रकाराने स्वतःच लिहिलं असावं असं पुढे पोलिसांतल्या बड्या अधिकाऱ्यांनीही म्हटलं, म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या खुन्याचं बारसं बहुधा एका थापाड्याने केलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रॅडफर्डच्या एका २१ वर्षांच्या मुलीला अशीच पत्रं लिहिल्याबद्दल कोर्टात उभं केलं होतं, गंमत म्हणून लिहिली म्हणाली.

आता मुख्य प्रकरण. पीटर सटक्लिफ, ब्रॅडफर्डचा लॉरी ड्रायव्हर, याने १९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडात १३ बायकांचे खून केले आणि आणखी सात जणींवर जीवघेणे हल्ले केले. पेपरांनी त्याला यॉर्कशायर रिपर म्हणायला सुरुवात केली होती. तपास वेस्ट यॉर्कशायर पोलिसांकडे, आणि सूत्रं असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल जॉर्ज ओल्डफील्ड यांच्या हातात. मार्च १९७८ मध्ये ईशान्य इंग्लंडातल्या संडरलंड शहराच्या टपाल शिक्क्याची दोन पत्रं आली, एक ओल्डफील्डच्या नावाने, दुसरं 'डेली मिरर'च्या मँचेस्टर ऑफिसला. वर्षाने, मार्च १९७९ मध्ये तिसरं पत्र आलं आणि जूनमध्ये थेट कॅसेट. "मी जॅक" अशी सुरुवात, मग शांत सपाट आवाजात ओल्डफील्डना नावाने हाक मारून, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे पण चार वर्षांपूर्वी होतात तिथेच आहात अजून, असं सांगत त्यांची उघड फिरकी घेतलेली. तीनेक मिनिटांची टेप, शेवटी एका पॉप गाण्याचा तुकडा. २६ जून १९७९ ला ओल्डफील्डनी ती पत्रकारांना ऐकवली आणि तिथून सगळा तपासच त्या आवाजामागे गेला.

आवाज ईशान्य इंग्लंडचा होता, अस्सल संडरलंडकडचा, म्हणजे वीअर नदीच्या काठचा, म्हणून या तोतयाला नाव पडलं वीअरसाइड जॅक. सटक्लिफचं बोलणं मात्र यॉर्कशायरचं. आपल्याकडे कसं मालवणी माणूस आणि नागपूरकर दोन वाक्यांत ओळखू येतात, तसाच हा फरक. लीड्स विद्यापीठातले बोलीभाषांचे जाणकार स्टॅन्ली एलिस यांनी टेप ऐकून माणूस संडरलंडच्या कॅसलटाउन भागातला आहे असं सांगितलं, जे पुढे जवळपास तंतोतंत बरोबर निघालं. मग सुमारे दहा लाख पौंडांची प्रसिद्धी मोहीम निघाली. पत्रातल्या हस्ताक्षराची पोस्टरं लागली, टेप पबमध्ये आणि क्लबमध्ये वाजवली, टेलिफोनवर नंबर फिरवला की कुणालाही ऐकता येत होती. लोकांनी शेजारी, मेहुणे, जुने मित्र अशी हजारो नावं कळवली आणि त्या प्रत्येक नावामागे पोलीस धावायचे. लीड्सच्या मिलगार्थ ठाण्यात हे सगळं कागदी कार्डांवर, हाताने, कॉम्प्युटर नाही. कागदाचं वजन इतकं झालं की खोलीच्या जमिनीला आधार द्यावा लागला म्हणतात.

पोलिसांनी विश्वास ठेवला तो अगदीच आंधळेपणाने नव्हता हेही सांगायला हवं. पत्रात प्रेस्टनला १९७५ मध्ये झालेल्या एका खुनाचा दावा होता. पाकिटाच्या लाळेवरून रक्तगट बी निघाला, तोसुद्धा लाळेत रक्तगट उतरणाऱ्यांपैकी, दोन्ही गोष्टी जुळणारे लोक फक्त ६ टक्क्यांच्या आसपास, आणि प्रेस्टनच्या खुन्याचाही तोच. झालं, सूत जुळलं. तिसऱ्या पत्रात मँचेस्टरला मारलेल्या बाईच्या हॉस्पिटलमधल्या उपचारांचा उल्लेख होता, तोही पोलिसांना खुन्याशिवाय कुणाला माहीत नसेल असा वाटला. प्रत्यक्षात यातलं बहुतेक सगळं पेपरात छापून आलेलं होतं. जुने पेपर काढून एकेक दावा पडताळून बघायचं काम नीट झालंच नाही, आणि प्रेस्टनचा खून तर रिपरचा नव्हताच. २०११ मध्ये डीएनएवरून तो भलत्याच एका माणसाने केल्याचं जाहीर झालं, तोवर तोही मेलेला होता.

विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र टेबलावरच पडलेला. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आता आठ झाले, तुम्ही सात म्हणता पण प्रेस्टन विसरलात. हे पत्र ८ मार्च १९७८ चं. पण सटक्लिफने जानेवारीत ब्रॅडफर्डला आणखी एक खून केला होता, तिचा मृतदेह एका मोकळ्या जागेत टाकून दिलेल्या सोफ्याखाली २६ मार्चला सापडला. खऱ्या खुन्याने मोजले असते तर ती आली असती ना हिशोबात! पत्रवाल्याला तिचा पत्ताच नव्हता, कारण तोपर्यंत पेपरात आलंच नव्हतं. नॉर्थम्ब्रिया पोलिसांतल्या डेव्हिड झॅक्रिसन या अधिकाऱ्याने पत्रांची भाषा १८८८ च्या रिपर पत्रांशी ताडून हा तोतया आहे असं कळवलं होतं. एलिस आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुइस यांनाही हीच शंका होती. आणि वाचलेल्या बायकांचं काय? १९७५ मध्ये हॅलिफॅक्सच्या एका बाईवर हल्ला झाला, त्याआधी हा माणूस तिच्याशी हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलला होता, बोलणं इथलंच म्हणजे यॉर्कशायरचंच होतं असं तिने सांगितलं होतं. त्याच उन्हाळ्यात सिल्स्डन गावातली १४ वर्षांची मुलगी त्याच्यासोबत बराच वेळ चालत गेली होती, तिनेही हेच सांगितलं. या मुलीवरच्या हल्ल्याची सांगड तर रिपरशी तेव्हा घातलीच गेली नाही. माझ्या मते तपासातली सगळ्यात मोठी चूक टेपच्याही आधीची आहे आणि ती ही, बायका तोंडाने सांगत होत्या ते ऐकलं नाही आणि कॅसेट ऐकत बसले.

सप्टेंबर १९७९ मध्ये सगळ्या पोलीस दलांना परिपत्रक गेलं, संशयिताला यादीतून वगळायचे निकष दिले, त्यात एक असा की बोलणं ईशान्य इंग्लंडचं नसेल तर वगळा. म्हणजे खुन्याला सुटायला पोलिसांनीच दार उघडून दिलं. सटक्लिफला तपासात एकूण नऊ वेळा विचारपूस झाली. जुलै १९७९ मध्ये घरी गेलेल्या अँड्र्यू लॅप्ट्यू या तरुण कॉन्स्टेबलला त्याच्या दातांमधली फट, बुटाचा नंबर, चेहरा, सगळं जुळतंय असं वाटलं, त्याने तसा रिपोर्टही लिहिला. लॅप्ट्यूने पुढे सांगितलं की वरिष्ठांनी ऐकून पहिली गोष्ट बोलण्याच्या धाटणीचीच विचारली. रिपोर्ट फाइल झाला. टेप जाहीर झाल्यानंतर सटक्लिफने आणखी तीन बायका मारल्या. २ जानेवारी १९८१ ला तो शेफील्डमध्ये पकडला गेला तो खोट्या नंबर प्लेटमुळे, गस्तीवरच्या पोलिसांकडून, टेपचा त्यात काही हात नाही.

तोतया कोण हे कळायला आणखी २४ वर्षं लागली. २००५ मध्ये जुनी प्रकरणं तपासणाऱ्या पथकाला प्रयोगशाळेत जपलेला पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेचा तुकडा मिळाला. त्यावरचा डीएनए जॉन हम्बलशी जुळला, २००१ मध्ये दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून त्याचा नमुना घेतलेला होता. संडरलंडच्या फोर्ड इस्टेट वस्तीतला, म्हणजे एलिस म्हणाले त्या कॅसलटाउनपासून हाकेच्या अंतरावरचा. टेप पाठवली तेव्हा वय २३, कामधंदा नाही, पोलिसांवर राग. १८८८ च्या जॅक द रिपरवरचं पुस्तक वाचलेलं, त्यावरून पत्रांची भाषा उचललेली. आणि सगळ्यात कहर म्हणजे सप्टेंबर १९७९ मध्ये याने स्वतः पोलिसांना निनावी फोन करून टेप खोटी आहे असं सांगितलं होतं, तो फोनही वाया गेला. मार्च २००६ मध्ये लीड्स क्राउन कोर्टाने न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल आठ वर्षांची शिक्षा दिली, २००९ मध्ये सुटला, २०१९ मध्ये वारला. ओल्डफील्ड १९८५ मध्येच गेले होते, त्यांना हे नाव कधी कळलंच नाही. पोलिसांच्या या तपासाची चौकशी करणारा लॉरेन्स बायफर्ड यांचा अहवाल १९८१ चा, लोकांसमोर आला २००६ मध्ये.

दुसऱ्या जातीचे तोतये म्हणजे खोटे कबुलीजबाब देणारे. अमेरिकेतला हेन्री ली लुकास १९८३ मध्ये टेक्सासमध्ये पकडला गेला आणि मग शेकडो खून कबूल करत सुटला. याने खून केले होते हे खरं, पण एवढे नाहीत. पोलीस आपापली न सुटलेली प्रकरणं घेऊन त्याच्याकडे रांग लावायचे, मिल्कशेक पाजायचे, आणि दोनशेच्या वर फायली त्याच्या नावावर बंद झाल्या. पुढे पत्रकारांनी कामाच्या हजेरीचे आणि प्रवासाचे कागद काढले तर साहेब त्या तारखांना भलत्याच राज्यात! १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. हम्बलने एक तपास चुकवला, इथे शेकडो खुनांचे तपास थांबले आणि खरे खुनी बाहेर राहिले.

उलटंही होतं कधी. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात एका कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्यात तीन जणांनी आपणच केलं म्हणून सांगितलं आणि त्याची बातमी झाली. ते वाचून खऱ्या खुन्याने, जो पुढे बीटीके (बाइंड, टॉर्चर, किल, म्हणजे बांधा, छळा, मारा) म्हणून कुप्रसिद्ध झाला, पब्लिक लायब्ररीतल्या एका पुस्तकात चिठ्ठी ठेवली की हे तिघं उगाच बोलतायत, काम माझं आहे, आणि पुरावा म्हणून घटनास्थळाचे असे तपशील दिले जे बाहेर कुणालाच माहीत नव्हते. तोतयाला पारखायला पोलीस आजही मुख्यतः हीच युक्ती वापरतात, एखाददुसरा तपशील पेपरवाल्यांपासून लपवून ठेवायचा आणि समोरचा तो आपणहून सांगतो का बघायचं. फक्त तो तपशील खरोखर कुठे छापून आलेला नाही ना, हे आधी कुणीतरी बसून तपासावं लागतं.