वाढलेल्या प्लेटलेट्सकडे कोण बघतं?

पावसाळा सरत आला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत प्लेटलेट्स हा घरोघरचा विषय होतो. डेंग्यू असतो, लेप्टो असतो, आणि २०१६पासून दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या हंगामात गोचिडीतून येणारा माकडतापही असतो. तिन्हींत प्लेटलेट्स घसरतात. ‘काल नव्वद हजार होत्या, आज साठावर आल्या’ ही बातमी मुंबईतल्या चाकरमान्यापर्यंत अर्ध्या तासात पोचते आणि इकडे कुणीतरी पपईच्या पानांचा रस काढायला बसतं. आकडा खाली आला तर काय करायचं, याबद्दल प्रत्येकाला मत आहे. तो वर गेला तर मात्र कुणी ढुंकून बघत नाही. चार लाख नव्वद हजार दिसलं की ‘प्लेटलेट्स मस्त आहेत’ म्हणून कागदाची घडी होते आणि तो पिशवीत जातो. मला त्या घडी घातलेल्या कागदाबद्दल लिहायचं आहे, कारण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण कधीकधी तिथेच पडलेली असते.

तो कागद म्हणजे सीबीसी, रक्तातल्या पेशींची साधी मोजणी. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त घेतात, मशीनला लावतात आणि मिनिटभरात छापील पट्टी बाहेर येते. वर हिमोग्लोबिन, मग पांढऱ्या पेशी आणि त्यांचे प्रकार, आणि बरंच खाली प्लेटलेट्स. दीड ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा. काही लॅब वरची रेघ चार लाख दहा हजारांवर मारतात. मशीनही कधी फसतं. नळीतल्या औषधामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि आकडा उगीचच कमी येतो. अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघतो.

काचेवर दिसणारी प्लेटलेट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते, तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही लहान. तिला केंद्रक नसतं. हाडांच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अगडबंब पेशी असतात, त्यांच्यापासून तुटून निघालेला हा तुकडा. आयुष्य सात ते दहा दिवसांचं. तरी शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स तयार करतं. १८८२मध्ये इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी त्या रक्तात वाहताना पाहिल्या, आणि इजा झालेल्या जागी त्या आधी गोळा होतात हे दाखवलं. तेव्हापासून ‘रक्त थांबवणाऱ्या’ ही त्यांची ओळख पक्की झाली, आणि त्यांचं दुसरं काम बराच काळ झाकलेलं राहिलं. प्लेटलेटच्या पोटात बारीक पिशव्या असतात. त्यांत पेशींना वाढायला लावणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं भरलेली असतात. जखम भरून यायला हे सगळं लागतं. दाहाच्या, म्हणजे इजा किंवा जंतूंशी झुंजताना शरीर जी सूज-लाली आणतं त्या, कामात प्लेटलेट पांढऱ्या पेशींइतकीच भागीदार आहे.

आता आतड्याकडे येऊ. मोठ्या आतड्यात गाठ वाढते तेव्हा तिथे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात, पांढऱ्या पेशींची गर्दीही असते, म्हणजेच दाह असतो. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरने ही गर्दी १८६३मध्येच टिपली होती. या जागेतून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या रेणू सुटतो. आतड्याचं रक्त हृदयाकडे जाण्याआधी पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, त्यामुळे यकृताला खबर लगेच लागते. यकृत मग धडाधड कामं बदलतं. दाहाची खूण असलेलं सीआरपी हे प्रथिन वाढवतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढवतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन कमी करतं, आणि थ्रोम्बोपोइटिन हे संप्रेरक जास्त सोडतं. ते संप्रेरक मगजात पोचलं की मेगाकॅरिओसाइट कामाला लागतात आणि प्लेटलेट्सचा आकडा चढतो. वाढलेल्या प्लेटलेट्स गाठीपाशी येऊन आपल्या पिशव्या रिकाम्या करतात, आणि त्यातली वाढीची रसायनं गाठीलाच मिळतात. गाठ दाह पेटता ठेवते, दाह प्लेटलेट्स वाढवतो, प्लेटलेट्स गाठ पोसतात. ऑपरेशनच्या आधीच ज्यांच्या प्लेटलेट्स चढलेल्या असतात, त्यांचा पुढचा प्रवास सरासरीने अधिक कठीण जातो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

त्याच इंटरल्यूकिनमुळे यकृत हेप्सिडिनही सोडतं. हेप्सिडिन म्हणजे लोहाच्या कोठाराला कुलूप. अन्नातलं लोह आतड्यातून रक्तात येत नाही, साठ्यातलं सुटत नाही. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर वर्षभर थेंबथेंब रक्त गाळत राहते आणि शौचाला डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिवाय लोह कमी पडलं की त्यानेही प्लेटलेट्स वाढतात. म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेलं, तांबड्या पेशी बारीक झालेल्या आणि प्लेटलेट्स चढलेल्या, असं त्रिकूट एकाच कागदावर दिसतं. पंचावन्न-साठीचा पुरुष, किंवा पाळी थांबून वर्षं झालेली बाई, आणि कागदावर हे त्रिकूट, तर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होण्यात शहाणपण नाही. रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं. आपल्याकडे खाली रक्त दिसलं तरी ‘मूळव्याध आहे, तिखट बंद करा’ यावर दोन वर्षं निघतात.  मूळव्याध असेलही, पण ती आहे म्हणून वर गाठ नाही असं होत नाही.

आकडा किती बोलका आहे, याचा चांगला अंदाज इंग्लंडमधल्या एका अभ्यासातून आला. एक्सेटर विद्यापीठाच्या सारा बेली आणि सहकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या सुमारे ४० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७मध्ये निष्कर्ष छापले. प्लेटलेट्स चार लाखांच्या वर असलेल्या पुरुषांपैकी ११.६ टक्क्यांना आणि बायकांपैकी ६.२ टक्क्यांना वर्षभरात कुठला ना कुठला कॅन्सर निघाला. आकडा नेहमीसारखा असलेल्यांत हे प्रमाण ४.१ आणि २.२ टक्के होतं. सर्वांत जास्त निघाले ते फुप्फुसाचे आणि आतड्याचे कॅन्सर. आणि अशा वाढलेल्या आकड्याच्या फुप्फुस-आतडे रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाला आधीच्या वर्षात कॅन्सरचं दुसरं लक्षणच नव्हतं.

हीच टक्केवारी उलटी वाचली तर धीरही येतो. दहांतल्या जवळजवळ नऊ पुरुषांना वर्षभरात काही निघालं नाही. न्यूमोनिया, पिकलेली जखम, संधिवात, नुकतंच झालेलं ऑपरेशन, काढलेली प्लीहा, कशानेही आकडा चढतो. आतड्याचा टीबी आपल्याकडे आहेच, तोही प्लेटलेट्स आणि सीआरपी दोन्ही वाढवतो, वजन उतरवतो आणि स्कॅनवर पुष्कळदा कॅन्सरसारखाच दिसतो. सोक्षमोक्ष कोलोनोस्कोपी करून, तुकडा काढून तपासल्यावरच लागतो. सिंधुदुर्गातले लोक त्यासाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रत्नागिरीकडचे बरेचसे मुंबई गाठतात. मी तर म्हणेन, त्याआधी महिना-दीड महिन्याने साधी सीबीसी पुन्हा करावी. सर्दी-तापाने चढलेला आकडा तोवर उतरतो. चढलेलाच राहिला, किंवा सोबत वजन-हिमोग्लोबिन घसरलं, तर उशीर करू नये.

प्लेटलेट्स कॅन्सरला आणखी एका जागी मदत करतात, आणि ती मला सगळ्यांत विलक्षण वाटते. गाठीतून सुटलेली पेशी रक्तात आली की तिचं खरं तर मरण ओढवलेलं असतं. प्रवाहाचे धक्के बसतात, वर नॅचरल किलर पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, टपलेल्या असतात. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाला कालवं चिकटावीत तशा प्लेटलेट्स तिला चहूबाजूंनी चिकटतात. मूळ पृष्ठभाग दिसेनासा होतो आणि किलर पेशी तिला ओळखत नाहीत. वर त्या प्लेटलेट्स टीजीएफ-बीटा नावाचं रसायन सोडून तिला अधिक सुटी, अधिक घुसखोर बनवतात. प्लेटलेट्स कमी केलेल्या उंदरांत कॅन्सर कमी पसरतो, हे १९६८मध्येच दिसलं होतं.

मग ॲस्पिरिनचं काय? ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर (एन्झाइम) कायमचं बंद पाडतं, आणि केंद्रक नसल्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही. त्या विकरातून थ्रोम्बॉक्सेन तयार होतं. हेच थ्रोम्बॉक्सेन कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशींना दाबून ठेवतं, असं केंब्रिजच्या गटाने २०२५मध्ये उंदरांत दाखवलं. त्याच वर्षी उत्तर युरोपातल्या अलास्का नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत आतड्याच्या गाठीत पीआयके३सीए जनुकाचा विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. रोग परतण्याचं प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आलं. पण जनुक न बघता सरसकट ॲस्पिरिन देणाऱ्या ॲस्कोल्ट चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, ठोस फायदा दिसला नाही. म्हणजे गोळी स्वस्त असली तरी ती कुणाला द्यायची हे गाठीची जनुकतपासणी ठरवते. मनाने सुरू करू नये: पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन पोटात असणं हे तर संकटच.

ऑपरेशननंतर हीच सारी यंत्रणा वेगळ्या रूपात भेटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्जन सीआरपी मागवतात. तो उतरायला लागला नाही तर गाठ काढून जोडलेल्या आतड्याचा सांधा गळतोय का, अशी शंका घेतात. आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तर पुढचे काही आठवडे राहतो. फ्रेंच डॉक्टर आर्माँ त्रूसो यांनी १८६५मध्ये कॅन्सर आणि शिरांतल्या गुठळ्या यांचं नातं मांडलं, आणि पुढे तीच खूण स्वतःच्या अंगावर ओळखली. १८६७मध्ये ते जठराच्या कॅन्सरने गेले. आज पोटाच्या मोठ्या कॅन्सर ऑपरेशननंतर अनेकांना महिनाभर रोज पोटाच्या कातडीत टोचायचं हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन देतात. मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयातून घरी सोडताना ते लिहून दिलेलं असतं, पण गावी आल्यावर ‘आता बरा आहे’ म्हणून पहिलं तेच सुटतं. मुंबई-गोवा हायवेवर आठ-दहा तास पाय लटकावून बसून आलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर तो प्रवासाचा शीण समजू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. दम लागत असेल किंवा छातीत कळ येत असेल, तर तेवढीही वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.