कोऱ्या पुंगळीची मान आणि गोळीचा वेग : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रायफलची काडतुसे स्वतः भरणाऱ्या नेमबाजांची एक तक्रार फार जुनी आहे. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या पितळी पुंगळ्यांत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचांत, दारू कितीही काटेकोर तोलून भरली, तरी गोळीच्या वेगात हवा तसा सारखेपणा येत नाही; त्याच पुंगळ्या एकदा झाडून पुन्हा भरल्या की आकडे जवळजवळ येऊ लागतात. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, कोरी पुंगळी चेंबरपेक्षा, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या जागेपेक्षा, थोडी लहान असते, पहिल्या बाराची काही शक्ती तिला फुगवण्यात खर्च होते आणि त्यामुळे वेग डळमळतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दोष कोरेपणाचा की आणखी कशाचा, हाच तो जुना वाद. पुंगळीचा जो भाग गोळीला धरून ठेवतो, त्या मानेचा इतिहास पाहिला तर या तक्रारीचे मूळ बरेचसे तिथेच सापडते.

शंभर यार्डांवर हा प्रश्न जाणवतही नाही. हजार यार्डांवर मात्र .३०८च्या (हा इंचांतला व्यास) नेहमीच्या गोळीचा वेग सेकंदाला १० फुटांनी बदलला, तर ती लक्ष्यावर साधारण ३ ते ४ इंच खाली-वर लागते. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला अमेरिकन आणि आयरिश संघांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांचा सामना झाला आणि अमेरिकन संघ ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. इतक्या दूरच्या नेमबाजीत दारूचा प्रत्येक कण मोजण्याची सवय जुनी आहे. आपल्याकडचे अनेक नेमबाज .२२चे काडतूस वापरतात. ते काडतूस पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे तिथे वेगाचा सारखेपणा साधण्याचा एकच मार्ग उरतो : वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे एकत्र बनलेल्या गटांची, काडतुसे झाडून पाहायची आणि आपल्या रायफलला मानवेल तो लॉट निवडायचा.

मानेची गोष्ट भारतात, आणि तीही पावसाळ्यात सुरू होते. ब्रिटिश लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात आणि तिथे पुंगळ्यांना न झाडताच तडे जात. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ पत्र्यापासून ओढून आणि दाबून घडवले जाते, त्यामुळे घडणीचा ताण त्याच्या अंगात शिल्लक राहतो. त्या ताणाला घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमटपणा यांची जोड मिळाली की धातू फाटतो. या तड्यांना ऋतूवरूनच ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले, मात्र त्यांचे नीट स्पष्टीकरण १९२१ साली मिळाले. उपाय असा होता की घडण पूर्ण झाल्यावर मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तापवून मऊ करायचे. ठोकून ठोकून कडक झालेले तांब्याचे भांडे पुन्हा भट्टीत घालणाऱ्या पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला ही क्रिया नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. कोऱ्या पुंगळीच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा ही त्याच अॅनिलिंगची, म्हणजे तापवून मऊ करण्याची, खूण आहे. म्हणजे मानेचा हा मऊपणा मुळात साठवण टिकावी म्हणून आला. वेगाच्या सारखेपणाचा विचार त्यामागे नव्हता.

त्याच १९२१ साली ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांसाठी अमेरिकेत कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्यांची काडतुसे बनवली गेली. नळीत धातूचा थर साचू नये हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही. पण कथिल आणि पुंगळीचे पितळ साठवणीतच एकमेकांना चिकटले, जणू न तापवता झाळण बसली. त्यातच काही नेमबाजांनी जुन्या सवयीने गोळ्यांना ग्रीस लावले, दाब धोकादायक वाढला आणि रायफली फुटल्या. मान गोळीला किती घट्ट धरते हा बारकाव्याचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे, हे तेव्हा सर्वांसमोर आले. या प्रसंगाचा अर्थ नंतरच्या पिढ्यांनी ग्रीसपुरताच घेतला, याची खंत वाटते; दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांशी कसे वागतात, हा त्यातला धडा मागेच पडला.

त्याच्या मागे पडण्याला एक शब्दही कारणीभूत आहे, तो म्हणजे ‘नेक टेन्शन’, मानेचा ताण. या शब्दात ताण आहे, म्हणजे बळ आहे; पण तो वापरताना नेमबाज सांगतात ती लांबी असते. ‘दोन थाउचे टेन्शन’ याचा अर्थ एवढाच की मानेचा आतला व्यास गोळीच्या व्यासापेक्षा दोन हजारांश इंच कमी आहे. दोरीला किती ताण आहे हे फुटपट्टीने सांगावे, तसा हा प्रकार आहे. .३०८ इंची गोळीसाठी मानेचे पितळ साधारण एक हजारांश इंचापर्यंतच लवचीकपणे ताणले जाते. त्यापुढे ते कायमचे फाकते. म्हणून व्यासातला फरक दोनाचा चार थाउ केला तरी पकड दुप्पट होत नाही. उलट, दोन पुंगळ्यांत हा फरक अगदी सारखा असूनही एक मान मऊ आणि दुसरी कडक असेल, किंवा एकीची भिंत जाड आणि दुसरीची पातळ असेल, तर त्यांची पकड वेगळी असते. पृष्ठभागाचे घर्षण तर या आकड्यात कुठेच येत नाही. गोळी बसवायला लागणारे बळ, ती सुटायला लागणारे बळ आणि व्यासांतला फरक या तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दाखाली कोंबल्या गेल्या आणि अर्धा वाद त्या शब्दानेच पोसला, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरी पुंगळी हातात घेतली की हे लक्षात येते. पिशवीतून एकमेकींवर आपटत आल्यामुळे काहींच्या तोंडाला पोचे असतात आणि मान पुरती गोल नसते. आतले पितळ लख्ख आणि कोरडे असते. गोळी पुंगळीत दाबून बसवणाऱ्या प्रेसचा दांडा खाली घेताना एक गोळी अलगद सरकते, पुढची करकरत आणि अडखळत बसते, आणि तो फरक तळहाताला कळतो. झाडलेल्या पुंगळीच्या मानेत मात्र काजळीचा पातळ थर असतो आणि तो कोरड्या वंगणाचे काम करतो. झाडलेल्या पुंगळ्या पाण्यात घासून आतून चकचकीत केल्या की त्यांच्यातही अनेकांना तीच करकर भेटते. दोष नुसत्या कोरेपणाचा असता तर असे झाले नसते. म्हणूनच आता बरेच जण कोऱ्या पुंगळीच्या मानेतून आधी मँड्रेल, म्हणजे नेमक्या मापाचा गोल दांडा, फिरवून ती गोल आणि एका मापाची करतात आणि आत ग्रॅफाइटचा हात देतात.

वाद मिटत नाही याचे उरलेले कारण मोजणीत आहे. १८६०च्या दशकात एका बेल्जियन लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेले, तारा तुटण्यावर चालणारे वेगमापक यंत्र प्रामुख्याने चाचणी-मैदानांवरच राहिले. घरगुती नेमबाजाच्या हाती प्रकाशसंवेदी पडद्यांची यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि मुठीत मावणारी रडार यंत्रे तर २०२३पासूनची आहेत. आकडे स्वस्त झाले, पण बारांची संख्या वाढली नाही. पाच बारांवरून काढलेले प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरण्याचे माप, सेकंदाला १० फूट आले, तर खरे विचलन ६ ते २९ फुटांमध्ये कुठेही असू शकते. तीस बारांनंतर ही कक्षा साधारण ८ ते साडेतेरा अशी आवळते. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद बारांमधला फरक तर बार वाढतील तसा वाढतच जातो, त्यामुळे पाचांचा फरक वीसांच्या फरकाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

इथे कोऱ्या पुंगळीची खास अडचण येते : ती एकदाच कोरी असते. तीस बारांची चाचणी घ्यायची तर तीस पुंगळ्या त्यातच जुन्या होतात आणि सामन्यासाठी दुसऱ्या आणाव्या लागतात. एवढा खर्च फार थोडे जण करतात. बाकीचे पाच बारांवर निकाल देतात. शिवाय पहिल्या बाराला पुंगळी फुगल्याने सरासरी वेग थोडा सरकणे आणि त्या सरासरीभोवती बार विखुरणे या निराळ्या गोष्टी आहेत. सगळ्याच पुंगळ्या सारख्या फुगत असतील तर सरासरी बदलेल, विखुरणे वाढायचे कारण नाही. काही अनुभवी नेमबाज मोठ्या सामन्याला मुद्दाम एकाच लॉटच्या कोऱ्या पुंगळ्या घेऊन जातात, ते याच हिशेबाने. मात्र त्यांच्या माना त्यांनी आधीच एका मापात आणलेल्या असतात.