संकल्पचित्र ते प्रॉडक्ट डिझाइन : बारावीच्या टप्प्यावरील एका विषयाची पार्श्वभूमी

प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तूंची रचना, हा बारावीनंतर शिकायचा विषय आहे, अशी पुण्यातील बहुतेक पालकांची पक्की समजूत असते. इंग्लंडमध्ये मात्र सोळा ते अठरा वयाचे विद्यार्थी ए लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीचा टप्पा) हा विषय गणित किंवा भौतिकशास्त्राच्या बरोबरीने घेतात. तिथे तो कसा घडला आणि आपल्याकडे त्याचे धागे असूनही ते का जुळले नाहीत, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील शाळांत मुलांना सुतारकाम आणि धातुकाम, तर मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवला जाई, आणि अभ्यासात मागे पडणाऱ्यांचे विषय म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले जाई. साठ-सत्तरच्या दशकांत ही दृष्टी बदलू लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ब्रूस आर्चर यांनी विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला डिझाइन हे ज्ञानाचे तिसरे क्षेत्र आहे, अशी मांडणी केली. विज्ञानाची भाषा चिन्हांची आणि मानव्यविद्यांची भाषा शब्दांची असते, तशी डिझाइनची भाषा प्रतिमानांची, म्हणजे रेखाटन, आराखडा आणि नमुना यांची असते, हा त्यांचा मुद्दा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हाताने केलेल्या कामाला विचाराचा दर्जा त्यातून मिळाला. पुढे 1988 च्या शिक्षण कायद्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि 1990 पासून ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय शाळांत सक्तीचा झाला. वरच्या इयत्तांतील सक्ती 2004 मध्ये काढण्यात आली.

आजचा ए लेव्हलचा अभ्यासक्रम 2017 पासून शिकवला जातो. त्यात निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रकल्पाला असतात. वस्तू कोणासाठी करायची हे ठरवणे, त्या माणसाशी बोलणे, अनेक रेखाटने करून त्यांतील बहुतेक बाजूला ठेवणे, कच्चा नमुना करणे, तो वापरून पाहणे आणि कुठे चुकले ते लिहून ठेवणे, हे सगळे गुणांकनात धरले जाते. शिवाय किमान 15 टक्के गुण गणिती कौशल्यांना असल्याने केवळ हात चांगला असून भागत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रातील शाळकरी मुलाची ‘डिझाइन’शी पहिली ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतील संकल्पचित्राने होते. चौकोन किंवा वर्तुळ पानाफुलांनी, भौमितिक आकारांनी भरणे आणि पोस्टर कलरने सफाईदार रंगवणे, असे त्याचे स्वरूप असते. नजर आणि रेषा त्यातून नक्कीच घडते. पण ती वस्तू कोण वापरणार, हा प्रश्न तिथे येत नाही. हाताच्या कामाचा धागा वेगळा चालला. वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींच्या नई तालीमचा विचार मांडला गेला, तो हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारा होता. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली, आणि अनेक शाळांत तो आठवड्याच्या एका तासात कागदी फुलांवर येऊन थांबला. अकरावी-बारावीच्या बायफोकल, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या, विषयांत यंत्रे आणि विद्युत उपकरणे आली, तरी भर दुरुस्ती-देखभालीवर राहिला. कलाशिक्षक एका खोलीत आणि वर्कशॉपचे निदेशक दुसऱ्या खोलीत, अशी ही विभागणी आहे.

वस्तूकडे विचार म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र इथे नवी नव्हती. केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने 1958 च्या अहवालात आपल्या साध्या तांब्याची तारीफ केली : त्यात पाणी किती मावावे, तो कोणाच्या हातात बसावा, डोक्यावर की कमरेवर न्यावा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, तो दगडावर ठेवताना आवाज कसा येतो. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हेच प्रश्न हातोडीने सोडवले जातात. भांड्यावर एकाशेजारी एक ठोके देत गेले की मठारकामाचे चमकदार खळगे उमटतात; ते दिसायला देखणे असतातच, पण ठोक्यांनी तांबे कठीण होते आणि पातळ पत्रा आकार धरून राहतो. बंबाच्या मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी, ही रचनाही उष्णता वाया जाऊ नये म्हणून आहे. बारावीच्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञान आणि उपयुक्तता एकत्र शिकवायला याहून जवळचा नमुना पुण्यात शोधावा लागणार नाही.

ईम्स अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि 1969 मध्ये मुंबई आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. पुण्यातही 2000 नंतर खाजगी डिझाइन संस्था उभ्या राहिल्या. हे सारे बारावीच्या पुढचे होते. आयआयटीतील डिझाइन पदवीसाठी 2015 पासून यूसीड ही प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिच्यात रेखाटन करावे लागते, घनाकृती मनात फिरवून पाहावी लागते, आणि अकरावी-बारावीत सहसा या कशाचाही तास नसल्याने मुले खाजगी क्लासकडे वळतात. ज्यांना तो खर्च झेपत नाही ती मुले मागे राहतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावीत शाखांच्या भिंती सैल करण्याचे म्हटले आहे. ज्या संस्थेच्या एकाच आवारात माध्यमिक शाळा आणि बायफोकलचे कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे लेथ, निदेशक आणि कलाशिक्षक तिन्ही आधीच हजर असतात.