पार्श्वभूमी : बंदर जालन्याला, डबा उचलायचा कुणी?

जालन्याच्या ड्राय पोर्टचा, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या माल चढवण्या-उतरवण्याच्या यार्डाचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "बंदर म्हणता, पण पाणी कुठाय?" प्रश्न चेष्टेचा असला तरी नेमका आहे. पाणी नाही म्हणजे जहाजाच्या कडेला उभी असते तसली अजस्र क्रेनही नाही. मग पंचवीस-तीस टनांचा भरलेला डबा, म्हणजे कंटेनर, ट्रेलरवरून काढून मालगाडीवर चढवायचा कशानं?

पूर्वी डबे नव्हते, माल सुटा यायचा. तेव्हा तो हलवायचा कशानं, याचं उत्तर एकच होतं: हमालाच्या पाठीनं. १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत आलेली रेल्वे मीटरगेज होती आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज. त्यामुळे मराठवाड्याचा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. १९९०च्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

तोवर जगात डब्याचा जमाना आला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. पुढे मापं ठरली, वीस फुटी आणि चाळीस फुटी. पण माझ्या मते खरी करामत कोपऱ्यांत आहे. डब्याच्या आठही कोपऱ्यांना भोकं असलेले ओतीव पोलादी ठोकळे असतात. वरच्या चार भोकांत यंत्राचे ट्विस्टलॉक शिरून फिरले की पकड बसली. साखळी नको, हमाल नको.

भारतात कंटेनर १९७३ मध्ये कोचीला उतरला, १९८१ मध्ये बंगळुरूला देशातला पहिला अंतर्गत डेपो झाला आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) माळीवाड्याला कंटेनर डेपो आला. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ची.

अशा यार्डात सहसा चाकांवर फिरणारं यंत्र लागतं. आधी स्ट्रॅडल कॅरियर आला, लाकडाच्या वखारींतून बंदरात शिरलेला, डबा दोन पायांमध्ये घेऊन चालणारा. सोबत राक्षसी फोर्कलिफ्ट. पण फोर्कलिफ्टला समोरचाच डबा दिसतो. मागच्या रांगेतला हवा असेल तर पुढचे सगळे हलवा! ही अडचण रीच स्टॅकरनं सोडवली. त्याची भुजा लांब होते आणि पुढच्या डब्यावरून मागचा उचलते. पहिल्या रांगेत साधारण ४५ टन उचलणारं हे यंत्र मागच्या रांगांत मात्र बरंच कमी पेलतं. हात लांबवून घागर उचलून बघा, कारण कळेल.

वाळूजच्या कारखान्यात हे यंत्र शोधू नका. तिथं ट्रेलर धक्क्याला लावून डबा ट्रेलरवरच ठेवून भरतात. साइट ऑफिसचा रिकामा डबा हलवायचा तर हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, बोलावतात. वीस फुटी रिकामा डबा सव्वादोन टनांच्या आसपासच भरतो.

भरलेल्या डब्याची गोष्ट वेगळी. रीच स्टॅकरचं स्वतःचं वजनच सत्तर टनांच्या घरात. डबा उचलला की पुढच्या एका आसावर शंभरेक टन येतात. आणि खाली आपली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. म्हणून इथं यंत्र मागवण्याआधी माती काढावी लागते, मुरूम भरून दाबावा लागतो, वर जाड काँक्रीट ओतावं लागतं. बंदर म्हणून जी जागा दाखवतात, तिथला बराचसा पैसा असा जमिनीखाली गाडलेला असतो.