फुगा वाहत्या रक्तावर जातो

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत काही निवडक रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून एक लांब, लवचीक नळी आत सोडतात. हृदयाच्या उजव्या बाजूतून ती थेट फुप्फुसाच्या धमनीत पोचते. हे स्वान-गँझ कॅथेटर, हृदयातला आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजणारं. ते नुसतं ढकलून जागेवर जात नाही. टोकाशी जेमतेम दीड मिलिलिटर हवेचा फुगा असतो आणि रक्ताचा प्रवाह त्याला ओढून नेतो. १९६७ मध्ये सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर शिडाची होडी पाहताना डॉ. जेरेमी स्वान यांना ही कल्पना सुचली. विल्यम गँझ आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९७० मध्ये ती जगापुढे मांडली.

प्रवाहच मंदावला तर? भूल दिल्यावर नेमकं तेच होऊ शकतं. औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोरही थोडा कमी होतो. त्यात व्हेंटिलेटर दाबाने हवा आत भरतो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. जाग्या माणसाला ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की रक्त हृदयाकडे जोमाने खेचलं जातं. इथे ती सोय नाही. मग कॅथेटर उजव्या खालच्या कप्प्यातच वेटोळं घालून बसतं.

भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवर असते; नळीच्या टोकाशी असलेला दाब तिथे आलेखात दिसतो. नळीवर दर १० सेंमीवर खूण असते. उजव्या मानेतून साधारण ३० ते ३५ सेंमीवर खालच्या कप्प्याचा आलेख दिसतो: वरचा दाब पाऱ्याच्या २५ मिमीच्या आसपास, खालचा शून्याजवळ. ४०-४५ सेंमीवर वरचा आकडा तोच राहतो, पण खालचा एकदम १० च्या आसपास चढतो. फुगा धमनीत शिरला! ५० सेंमी आत जाऊनही हा बदल दिसला नाही, तर नळी पुढे रेटायची नाही. फुगा रिकामा करून ती मागे घ्यायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

टेबल कसं कललंय यालाही महत्त्व आहे. शिरेत सुई घालताना डोकं खाली ठेवतात. शीर भरून येते आणि बाहेरची हवा आत ओढली जात नाही. पण फुग्यातली हवा वर जाऊ पाहते, म्हणून पुढच्या टप्प्यात डोकं किंचित वर आणि अंग उजवीकडे कललेलं असेल तर वाट सोपी होते. मानही फार वळवायची नाही, नाहीतर शीर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवर येते. सोनोग्राफीत हे स्पष्ट दिसतं.

रुग्णाचा आजारही आड येतो. उजव्या बाजूची झडप गळत असेल तर दर ठोक्याला फुगा मागे फेकला जातो. हृदय फुगलेलं असेल किंवा फुप्फुसाचा रक्तदाब जास्त असेल, तर वेळ लागतो. अशा वेळी अन्ननलिकेतून केलेली इको (हृदयाची सोनोग्राफी) मोठा आधार देते, कारण फुगा कुठे अडलाय ते डोळ्यांनी दिसतं. ईसीजीत आधीच डावा बंडल ब्लॉक असेल, म्हणजे हृदयात विजेचा संदेश नेणारी डावी वाट बंद असेल, तर जास्त जपावं लागतं. नळीच्या धक्क्याने उजवी वाटही बंद पडली तर ठोकाच थांबू शकतो, म्हणून पेसिंगची, म्हणजे बाहेरून विजेचे झटके देऊन ठोके चालू ठेवण्याची, तयारी हाताशी लागते.

नळी जागेवर बसली तरी काम संपत नाही. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या बायपास मशीनवर हृदय रिकामं होतं आणि टोक आपसूक आणखी खोल सरकतं. तिथे फुगा फुगवला तर धमनी फाटू शकते. हे क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. म्हणून मशीन सुरू करण्याआधी बरेच भूलतज्ज्ञ नळी ३ ते ५ सेंमी मागे ओढून ठेवतात.