ऑइल शेल की शेल ऑइल? चार लाख कोटी बॅरलचा घोळ

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी एक फॉरवर्ड फिरून येतो. अमेरिकेत म्हणे शेलच्या, म्हणजे पातळ थरांत घट्ट झालेल्या चिखलाच्या, खडकात चार लाख कोटी बॅरल तेल पडलंय, सौदीच्या कितीतरी पट, आणि म्हणूनच अमेरिका हल्ली कुठल्याही देशापेक्षा जास्त तेल उपसते. यातला आकडा खरा आहे. २०१८ पासून कच्च्या तेलाच्या उत्पादनात अमेरिकेचा पहिला नंबर आहे, हेही खरं. खोटं आहे ते मधलं 'म्हणूनच'. चार लाख कोटी बॅरल ज्या खडकात मोजलेत, त्याला भाजून आज कोणी धंद्यापुरतंही तेल काढत नाही. आणि जिथून धो धो तेल येतं तो खडक वेगळा, त्याचं वय वेगळं, काढायची रीत वेगळी. पहिल्याचं नाव ऑइल शेल. दुसऱ्यातून निघतं ते शेल ऑइल.

फरक समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल, आणि हा काही माझा लाडिकपणा नाही. जमिनीखाली जिथे तेल तयार होतं त्या जागेला तेलशास्त्रातले लोक खरोखरच 'किचन' म्हणतात. लोणी कढवतानाचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. कढवलं की तूप वर येतं, ते गाळून बरणीत भरायचं. सौदीचं किंवा आपल्या बॉम्बे हायचं तेल म्हणजे हे बरणीतलं तूप: जिथे तयार झालं तिथून निघून दुसऱ्या सच्छिद्र खडकात जाऊन साठलेलं. पातेल्याच्या तळाशी बेरी राहते आणि बेरीत बरंच तूप अडकून बसलेलं असतं. शेल ऑइल म्हणजे ते बेरीतलं तूप. शिजलेलं आहे, पातळ आहे, फक्त सुटत नाही. आणि ऑइल शेल? ते अजून लोणीच आहे. गॅस पेटवलेलाच नाही.

या 'लोण्या'ला केरोजेन म्हणतात. जुन्या शेवाळाचा, सूक्ष्म जीवांचा गाळ दगडात गाडला जाऊन झालेला घट्ट, मेणचट पदार्थ. तो दोन-चार किलोमीटर खोल गेला आणि साठ ते दीडशे अंश तापमानात लाखो वर्षं राहिला तर त्याचं तेल होतं. तितका खोल गेलाच नाही तर केरोजेनच राहतो. कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांच्या मधोमध असलेल्या ग्रीन रिव्हर नावाच्या खडकथरांचं हेच झालं. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे प्रचंड मोठी तळी होती. त्यांच्या तळाशी थरावर थर बसले आणि बहुतेक भागात ते पुरेसे खोल कधी गेलेच नाहीत. युटातल्या युइंटा खोऱ्यात मात्र याच थरांचा काही भाग खोल गाडला गेला, आणि तिथे तेल झालंसुद्धा. तेही इतकं मेणचट की गार झालं की मेणासारखं थिजतं, म्हणून टँकरमधून ते गरम ठेवूनच न्यावं लागतं. एकच तळं, एका कोपऱ्यात शिजलं, बाकी कच्चं.

ऑइल शेलचा तुकडा हातात घेतला तर करडा-तपकिरी, पानांसारख्या बारीक रेघांचा दगड दिसतो. चांगल्या प्रतीचा असेल तर आकाराच्या मानाने हलका लागतो. पातळ कपची काढून काडीने पेटवली तर धूर सोडत पिवळ्या ज्योतीने जळतेही. कोलोरॅडोत एक दंतकथा सांगतात: एका वसाहतवाल्याने घर बांधलं, याच सुबक दगडांची चूल आणि धुराडं रचलं, शेजाऱ्यांना बोलावून पहिला विस्तव पेटवला आणि धुराड्यासकट घर जळालं. दगड जळतो हे लोकांना किती आधीपासून ठाऊक होतं, एवढं त्यावरून कळतं.

नावाचं म्हणाल तर भूशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने हा शेल नाहीच, बराचसा मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमाती मिसळलेला दगड आहे. आणि त्यात ऑइलही नाही. म्हणजे 'ऑइल शेल' या नावातले दोन्ही शब्द चुकीचे.

तेल हवं तर दगड खणून काढायचा, फोडायचा, भट्टीत सुमारे पाचशे अंशांपर्यंत तापवायचा. निसर्गाने लाखो वर्षांत केलं असतं ते तासाभरात उरकायचं. टनभर दगडातून २५ गॅलन, म्हणजे ९५ लिटरच्या आसपास तेल निघालं तर तो माल चांगला. बॅरल १५९ लिटरचं, तेव्हा एका बॅरलसाठी दीड टनाहून जास्त दगड भाजायचा. उरलेला चोथा लाह्यांसारखा फुगतो, खणलेल्या खड्ड्यात परत मावत नाही. पाणी लागतं ते वेगळंच, आणि हा सगळा मुलूख कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातला, जिथे पाण्याच्या प्रत्येक थेंबावर आधीच कोणाचा तरी हक्क लिहिलेला आहे. मुळात भट्टी तापवायलाच इतकी ऊर्जा जाते की हातात उरतं काय, हा प्रश्न दर पिढीत नव्याने विचारला जातो.

आणि दर पिढीत कोणीतरी नव्याने उत्साहाने येतं. १९१६ मध्ये अमेरिकी नौदलासाठी कोलोरॅडो आणि युटातले ऑइल शेलचे पट्टे राखून ठेवले गेले, जहाजांना तेल कमी पडलं तर असावेत म्हणून. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर लाटच आली. १९८० मध्ये कार्टर सरकारने कृत्रिम इंधनासाठी खास महामंडळ काढलं. त्याच वर्षी एक्सॉनने कोलोरॅडोतल्या पॅराशूट गावाजवळच्या 'कॉलनी' नावाच्या ऑइल शेल प्रकल्पात मोठा हिस्सा घेतला. कामगारांसाठी बॅटलमेंट मेसा ही आख्खी वसाहत उभी राहू लागली. मग तेलाचे भाव उतरायला लागले, खर्चाचा अंदाज फुगत गेला आणि २ मे १९८२ रोजी, रविवारी, एक्सॉनने प्रकल्प बंद केल्याचं जाहीर केलं. एका झटक्यात दोन हजारांवर लोकांचं काम गेलं. त्या भागात आजही तो दिवस 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. शेजारीच युनोकॅल कंपनीने चिवटपणे १९९१ पर्यंत भट्टी चालवली. सगळे मिळून सुमारे ४५ लाख बॅरल निघाले. अमेरिका आज तेवढं तेल आठ-नऊ तासांत काढते. नंतर शेल कंपनीने (इथे शेल हे कंपनीचं नाव, म्हणजे गोंधळात आणखी भर) दगड न खणता जमिनीतच विजेचे हीटर सोडून वर्षानुवर्षं तापवायचा प्रयोग केला. भूजल आत येऊ नये म्हणून भोवतीची जमीन गोठवून बर्फाची भिंतसुद्धा करून पाहिली. २०१३ मध्ये तिनेही गाशा गुंडाळला.

त्याच सुमाराला, तिथून हजारेक किलोमीटरवर नॉर्थ डकोटात, टायोगा आणि विलिस्टन या गावांभोवती भाड्याला खोली मिळेनाशी झाली होती. लोक गाड्यांमध्ये झोपत होते. कारण बाकेन.

बाकेन हा खडकथर सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रात तयार झालेला, तीन किलोमीटर खोल. नाव पडलं ते हेन्री बाकेन या शेतकऱ्यावरून, ज्याच्या जमिनीत १९५० च्या दशकात विहीर खोदली गेली. रचना सँडविचची: वर-खाली काळाकुट्ट शेल आणि मध्ये डोलोमाइट व बारीक वाळूमातीचा घट्ट थर. तेल शिजलं शेलमध्ये, मुरलं मधल्या थरात, आणि आडवी विहीर जाते तीही मधल्याच थरातून. थोडक्यात, 'शेल ऑइल' हेही नाव इथे तंतोतंत बसत नाही. म्हणूनच जाणकार त्याला 'टाइट ऑइल' म्हणतात. त्यात जुन्या अर्थाची अडचण आणखी. १८५० च्या दशकापासून स्कॉटलंडमध्ये दगड भाजून तेल काढत, आणि त्या तेलालाच शेल ऑइल म्हणत. तो धंदा १९६२ मध्ये संपला, नाव मोकळं राहिलं, आणि बातमीदारांनी ते उचलून बाकेनला चिकटवलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची चूक मी त्यामुळे अर्धीच धरतो.

बेरीतलं तूप सोडवायची युक्ती दोन जुन्या गोष्टींच्या जोडीतून आली. आडवी विहीर आणि पाण्याच्या दाबाने खडक फोडणं, म्हणजे फ्रॅकिंग. दुसरीचा प्रयोग १९४७ मध्येच कॅन्ससमध्ये झाला होता. पण जॉर्ज मिचेल या टेक्सासच्या उद्योजकाच्या कंपनीने तिथल्याच बार्नेट शेल या खडकथरात १९८१ पासून पैसा ओतला आणि १९९८ मध्ये जाऊन कुठे पातळ पाण्याचं योग्य मिश्रण सापडलं. सतरा वर्षं! तिथे निघत होता तो गॅस. तीच रीत पुढे तेलाला लावली: बाकेन, दक्षिण टेक्सासमधलं ईगल फोर्ड, आणि सगळ्यांचा बाप असलेलं टेक्सास-न्यू मेक्सिकोतलं पर्मियन खोरं. विहीर तीन किलोमीटर खाली जाते, हळूहळू वळते, मग तीन किलोमीटर आडवी धावते. टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी आणि हजारो टन वाळू आत ढकलतात. भेगा पडतात, पाणी परत येतं, वाळूचे कण भेगांमध्ये पाचर मारल्यासारखे अडकून राहतात आणि त्या वाटेने तेल झिरपत येतं. इथे भट्टी नाही, चोथा नाही. तेल इतकं पातळ आणि ज्वालाग्राही की जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात बाकेनच्या तेलाची मालगाडी घसरून पेटली तेव्हा ४७ माणसं गेली. केरोजेनच्या दगडाबाबत असं कधी होणार नाही.

या धंद्याचा एक धागा आपल्याकडच्या भाजीपर्यंत येतो. मिचेलचं पाणी पातळ होतं, पण बऱ्याच तेलविहिरींत वाळू पाण्यात तरंगत राहून भेगांपर्यंत पोचावी म्हणून पाणी दाट करावं लागतं, आणि त्यासाठी सर्वांत सोयीची निघाली गवारीच्या बियांची पूड. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत '४१२' लिहिलेलं असतं ना, तोच हा गवार गम. चिमूटभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळली तरी थोड्या वेळात पाणी चिकट दाट होतं. त्यात बोरॅक्ससारखं क्षार पडलं की जेलीच. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. बाकेन आणि ईगल फोर्डची मागणी उसळली तशी गवारीच्या बियांचे भाव वर्षभरात दहा पटींच्या आसपास गेले, इतके की मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या एनसीडीईएक्ससह कमोडिटी बाजारांत गवारीचे वायदे थांबवावे लागले. मग कंपन्यांनी गवारीवाचून चालेल असे पर्याय शोधले, भाव कोसळले, आणि ज्यांनी उशिरा पेरणी केली ते पस्तावले. बिचाऱ्या ऑइल शेलने कोणाच्या शेताचा भाव कधी हलवला नाही.

आता आकडे शेजारी ठेवतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००९ ते २०११ मध्ये ग्रीन रिव्हरच्या तीन खोऱ्यांचं ऑइल शेल मोजलं, तेव्हा एकूण चार लाख कोटी बॅरलच्या वर आकडा आला. पण तो 'जागेवर किती आहे' याचा; काढता किती येईल हे खात्याने सांगितलंच नाही. याउलट बाकेन आणि त्याखालच्या थ्री फोर्क्स थरासाठी २०१३ मध्ये खात्याने दिलेला अंदाज ७४० कोटी बॅरलचा, आणि पर्मियनच्या डेलावेअर भागातल्या दोन थरांसाठी २०१८ चा अंदाज ४,६३० कोटींचा. हे आकडे अजून न सापडलेल्या, पण आजच्या तंत्राने काढता येण्याजोग्या तेलाचे. घरात पुरलेलं सोनं आणि खात्यातले पैसे एका ओळीत लिहून बेरीज करावी, तसा प्रकार त्या फॉरवर्डमध्ये होतो.

प्रत्यक्ष उत्पादन पाहा. अमेरिकेने १९७० मध्ये रोजचे ९६ लाख बॅरल गाठले होते, २००८ पर्यंत ते ५० लाखांवर घसरले, आणि २०२४ मध्ये सरासरी १ कोटी ३२ लाखांवर गेले. ही वाढ जवळजवळ सगळी टाइट ऑइलची. एकटं पर्मियनच रोज ६० लाखांहून अधिक देतं.

शेल ऑइललाही खोट आहेच. या विहिरी पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटतात, त्यामुळे सतत नव्या खोदत राहावं लागतं. थांबलात की उत्पादन घसरलं. भाव पडला तर पैसे लावणारे पळतात. २० एप्रिल २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. ओक्लाहोमात तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी पुन्हा खोल जमिनीत कोंबल्यामुळे भूकंप व्हायला लागले; २०१६ मधला तिथल्या पॉनी गावाजवळचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता.

आणि त्या कच्च्या तळ्यांचं काय? ती अगदीच वाया गेली नाहीत. वायोमिंगच्या बाजूला तीच तळी आटत गेली तेव्हा तळाशी ट्रोना नावाचं खनिज थरांनी बसलं. ते खाणीतून काढून तापवलं की सोडा अॅश मिळते, जिच्याशिवाय ना काच होते ना कपडे धुण्याची पावडर. जगातला ट्रोनाचा सर्वांत मोठा साठा हाच, आणि मुंबईच्या टाटा केमिकल्सने २००८ मध्ये तिथली एक कंपनी विकत घेतली, तेव्हापासून ती खाण चालवते. ज्या तळ्यांतून शंभर वर्षं तेलाची वाट पाहिली, त्यांच्याच तळातून आज रोज गाड्या भरून निघतो तो सोडा.